पदसिद्ध सदस्य, वायरमन

कल्पना करा, एका अख्ख्या गावाचा उजेड तुमच्या हाताखाली आहे. अखजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, दुसरा दिवस, सूर्य नुकताच मावळलाय. तुम्ही गावाच्या मागच्या अंगाला, उकिरड्याशेजारच्या डीपीपाशी उभे आहात. डीपी म्हणजे दोन खांबांवर बसवलेला ट्रान्सफॉर्मर. गावात येणारी सगळी वीज त्याच्यातून उतरते. खांबाला कमरेच्या उंचीवर एक लोखंडी हँडल आहे. ते दोन्ही हातांनी खाली ओढायचं. वर तीन पाती एकदम उघडतात, कडाड आवाज होतो आणि गाव काळवंडतं. देवळावरचा भोंगा अर्ध्या शब्दावर थांबतो. मग हँडलला कुलूप लावायचं, किल्ली खिशात टाकायची आणि तरीही हात हँडलवरच ठेवून उभं राहायचं. घरांच्या रांगांपलीकडे एक माणूस एकामागे एक बांधलेल्या बारा बैलगाड्या ओढत मरीमायच्या देवळापर्यंत नेणार आहे. पाच गावांचे लोक ते बघायला आलेत. तुम्हाला त्यातलं काही दिसणार नाही. तुम्ही फक्त ऐकायचं.

रमजानभाई पिंजारींनी आपल्या नोकरीचा बहुतेक काळ धामणखेड्यात हे काम केलं आणि बारागाड्या एकदाही पाहिल्या नाहीत.

ते मूळचे धुळ्याचे. वडील गाद्या पिंजायचे. रमजानभाईंना मात्र लहानपणापासून खांबांचं वेड. आयटीआय केलं, वीज कंपनीत लागले आणि चाळीसगावच्या बाजूच्या या गावात वायरमन म्हणून आले. गावाने त्यांना पहिल्या दिवशी 'वायरमन' म्हणून हाक मारली, तीच कायम राहिली. म्हातारे 'वायरमन' म्हणत, तरणे 'वायरमनभाऊ' म्हणत, बायका 'वायरमनदादा'. त्यांच्या पत्नी हमीदाभाभी बाजाराला निघाल्या की 'वायरमनीण चालनी' असं ओट्यावरून ऐकू येई. भाभी हसत. लग्नाच्या पत्रिकेवरही 'श्री. वायरमन साहेब' असं लिहिलेलं असे, आणि रमजानभाई त्या लग्नाला जाऊन आधी मांडवातली वायर तपासत, मग जेवायला बसत.

यात्रेच्या समितीत ते आले ते एका अपघातामुळे. वैशाखाच्या उन्हात तारा सैल पडतात, गल्लीवर खाली लोंबतात. त्या साली गाड्यांवर उभ्या असलेल्या एकाच्या हातातली निशाणाची काठी तारेला लागली. माणूस वाचला, पण त्याचा हात कायमचा वाकडा झाला. त्यानंतर गावाने ठरवलं, वायरमन समितीत पाहिजे. देवळाच्या भिंतीवर पेंटरने नवीन फळा रंगवला. वर अध्यक्ष, उपाध्यक्ष, खजिनदार अशी नावं. खाली वेगळी ओळ: पदसिद्ध सदस्य – मुख्याध्यापक, ग्रामसेवक, पोलीस पाटील, वायरमन. त्या ओळीत नावं नव्हती. रमजानभाईंना त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट त्यांनी हमीदाभाभींना मुद्दाम देवळाशी नेऊन फळा दाखवला होता. मरीमायच्या भिंतीवर आपण आहोत, याचं त्यांना फार अप्रूप होतं.

मानाची टोपी, उपरणं आणि नारळ सगळ्या सदस्यांना गाड्या निघायच्या आधी स्टेजवर देत. रमजानभाई तेव्हा डीपीपाशी असत, म्हणून त्यांचा मान बाजूला काढून ठेवलेला असे. तो घेऊन यायचा वना भगत.

वना भगत म्हणजे गाड्या ओढणारा. दिवसभर उपाशी, अंगभर हळद, कमरेला गाड्यांचा दोर. एका साली गाड्या पोचल्या अशी कोणीतरी उगाच आरोळी दिली होती आणि रमजानभाईंनी कुलूप काढलंसुद्धा होतं. शेवटच्या दोन गाड्या अजून तारांखालीच होत्या. वनाला ते कसं उमगलं कोण जाणे. दोर टाकून तो घरांमधल्या बोळातून धावत आला आणि त्याने रमजानभाईंचं मनगट धरलं.

"दुसरा कोनं ऐकू नको," तो धापा टाकत म्हणाला होता. "मी ईसू, तव्हयच सोडजो."

तेव्हापासून दरसाल तसंच; वना स्वतः येईपर्यंत कुलूप निघायचं नाही. गाड्या देवळाशी लागल्या की लोक वनाच्या पायांवर पडायला झुंबड करत. त्यातून अंग सोडवून तो आधी बोळातून डीपीकडे यायचा. हळद घामाने ओघळलेली, डोळे लाल. म्हणायचा, "सोडी दे, वायरमन. बठ्ठा पोचनात." सगळ्या गाड्या पोचल्या एवढं कळलं की रमजानभाई हँडल वर ढकलत, गावात लख्ख उजेड होई. वना दगडावर नारळ फोडून अर्धा त्यांना देई, अर्धा स्वतः खाई. त्याचा दिवसभराचा उपास तिथे डीपीपाशी सुटे. एरवी वर्षभर दोघांत फार बोलणं नव्हतं. वनाचं शेत नदीकडे होतं, मोटार बंद पडली तर तो फोन करी, एवढंच.

हमीदाभाभी गेल्या आणि त्यानंतर दोनेक वर्षांत रमजानभाई रिटायर झाले. चाळीसगावला ऑफिसात हार-तुरे झाले. गावात काही झालं नाही, कारण वायरमन गाव सोडून जाईल हे कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. सामान टेम्पोत भरताना शेजारीण म्हणाली, बदली झाली का दादा? ते हो म्हणाले.

धुळ्याच्या देवपूर भागात, पांझरा नदीच्या पलीकडच्या काठाला भाभींच्या हौसेने बांधलेलं दोन खोल्यांचं घर होतं. भाभींना त्यात राहायला मिळालं नाही. मुलगी मिसबाह जळगावला दिलेली. ती एका शिक्षणसंस्थेच्या कार्यालयात कामाला होती, आणि तिचा फोन दुपारच्या सुट्टीत यायचा. ती सोडली तर फोन करणारं कोणी नव्हतं.

नोकरीत असताना साधं वारं सुटलं तरी फोन वाजायचा. जेवताना वाजायचा, भाभींच्या दवाखान्यात वाजायचा. भाभी चिडून म्हणायच्या, एवढं गाव तुमच्यावर लग्न लागल्यासारखं हक्क सांगतं. आता देवपुरात दिवे गेले की रमजानभाई सवयीने फोन हातात घेऊन अंगणात येत. समोरच्या ओळीत उजेड आहे की नाही ते बघत, कुठला फेज गेला ते ओळखत, आणि उभे राहत. कॉलनीतले लोक कंपनीच्या नंबरवर तक्रार नोंदवून आत बसलेले असत. समोरच्या बंगल्यातल्या तरुणाला त्यांनी एकदा सांगून पाहिलं की तुमची सर्व्हिस वायर सैल आहे. तो मान हलवून 'थँक्यू अंकल' म्हणाला आणि गेटची कडी लावून घेतली.

सुरुवातीचे काही महिने धामणखेड्याहून वीज कधी येणार हे विचारणारे फोन यायचे. "वायरमन, लाईन कवय ई?" रमजानभाई सांगत की मी रिटायर झालो. मग स्वतःच नव्या वायरमनला फोन लावून विचारत आणि गावाला उलट कळवत. नवी वायरमन म्हणजे ऋतिका, अमळनेरकडची शेतकऱ्याची पोर. ती खांबावर चढली त्या दिवशी म्हणे अर्धा गाव खाली उभा होता. ती रमजानभाईंना काका म्हणायची. हळूहळू तिचा नंबर गावात पसरला आणि रमजानभाईंचा फोन थांबला. तक्रारीसुद्धा येईनात, याचं त्यांना इतकं लागेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

या साली अखजीच्या महिनाभर आधी त्यांनी मोबाइल उघडला तर यात्रा समितीच्या ग्रुपमधून त्यांना काढलेलं होतं. अध्यक्ष प्रेमराज पाटलांनी काढलं होतं. प्रेमराज भला माणूस. रमजानभाईंनी मनात त्याची बाजू घेतली: चुकून बोट लागलं असेल. दोन दिवस वाट पाहिली. मग ऋतिकाचा फोन आला. गल्लीत तार कुठे कुठे खाली येते ते तिला विचारायचं होतं. त्यांनी सगळं नीट सांगितलं. बोलता बोलता ती म्हणाली की तिलाही समितीत घेतलंय; कंपनीला परवानगीचं पत्र इंग्रजीत गेलं, त्यात तिच्या नावापुढे 'एक्स ऑफिशियो' असं काहीतरी लिहिलंय.

"म्हणजे काय गं?"

"काय की, काका. मला वाटलं तुम्हाला माहीत असेल. तुमच्या जागेवरच घेतलंय ना."

दुपारी मिसबाहचा फोन आला तेव्हा त्यांनी तो शब्द विचारला. तिच्या कार्यालयात तो रोजचाच. तिने सांगितलं की हा लॅटिन शब्द आहे. लॅटिन म्हणजे जुन्या रोमन लोकांची भाषा. ती आता घराघरांत कोणी बोलत नाही, पण सरकारी कागदात तिचे तुकडे शिल्लक आहेत. आपल्याकडे त्यालाच पदसिद्ध म्हणतात. प्राचार्य बदलले की जुन्यांचं नाव समितीतून आपोआप निघतं, नव्यांचं लागतं. त्यासाठी ना मतदान लागतं ना कोणाचा राजीनामा. घरी ते त्यांच्या खानदेशी हिंदीत बोलत. ती म्हणाली, "कुर्सी की वजह से, अब्बू. कुर्सी गई तो वो भी गया. उसमें आदमी का कुछ नहीं रहता."

मिसबाहला भिंतीवरचा फळा आठवला असावा. ती घाईने म्हणाली की मुळात 'ऑफिशियो' म्हणजे खुर्ची नव्हेच, काम. फर्ज. कामातून आलेलं, असा त्याचा जुना अर्थ. रमजानभाईंनी "अच्छा, अच्छा" केलं आणि जावयाची चौकशी केली.

फोन ठेवून ते अंगणात येऊन बसले. प्रेमराजने चुकून काढलं नव्हतं, नियमाने काढलं होतं. त्यात राग धरण्यासारखं काही नव्हतं, आणि तेच त्यांना टोचत होतं. एवढी वर्षं आलेली टोपी, उपरणं, पत्रिका, रात्री-अपरात्रीच्या हाका. त्यातलं रमजानचं किती आणि वायरमनचं किती? हे ज्याला विचारावं असा माणूस त्यांना आठवेना. हमीदा असती तर दोन शब्दांत निकाल लावला असता.

त्यांनी ठरवलं, यात्रेला जायचं. कोणी बोलावलं नाही तरी. साधा माणूस म्हणून जायचं, गर्दीत उभं राहून बारागाड्या बघायच्या. कोणी 'या, बसा' म्हणालं तर समजायचं की आपलंही काही होतं.

अखजीच्या दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून ते धुळे-चाळीसगाव गाडीने निघाले, पुढे काळीपिवळीने गावात. फाट्यावर चहाच्या टपरीपाशीच ओळखीचे चेहरे दिसले.

"अरे, वायरमन उना," टपरीवाला निंबा म्हणाला. "आते कोठे ड्युटी शे?"

रिटायर झालो, असं त्यांनी सांगितलं.

"म्हणजे तुमनीच लाईन कट व्हयनी, भो," निंबा म्हणाला, आणि बाकावरचे सगळे हसले. रमजानभाईही हसले. एकाने मीटर फार पळतं अशी तक्रार केली. दुसऱ्याने नवी पोरगी फोन लगेच उचलते असं कौतुक केलं. चहा आला, तो निंबाने आग्रहाने पाजला. पण यात्रेला आलात का, असं कोणी विचारलं नाही. वायरमन गावात दिसणं ही विचारण्याजोगी गोष्टच नव्हती.

देवळापुढे स्टेज घातलं होतं. पदसिद्ध सदस्यांच्या खुर्च्यांवर मुख्याध्यापक, ग्रामसेवक, पोलीस पाटील आणि कडेला ऋतिका. वायरमनची खुर्ची भरलेली रमजानभाईंनी पहिल्यांदाच पाहिली. त्यांच्या काळात ती रिकामीच असे. ऋतिकाने त्यांना पाहिलं आणि ती ताडकन उठली, काका इथं बसा म्हणाली. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं. ती खुर्ची तिची होती. प्रेमराज पाटील माईक सोडून खाली आले, हात हातात घेतला, बरं झालं आलात म्हणाले, आणि एका मुलाला सांगून गल्लीच्या तोंडाशी असलेल्या धाब्याच्या, म्हणजे सपाट मातीच्या छताच्या, घरावर त्यांची बसायची सोय केली. तिथून सगळं दिसतं, वायरमन, असं म्हणून ते परत माईककडे गेले. त्यांना खूप कामं होती.

धाब्यावर बायका आणि माहेरवाशिणी बसल्या होत्या. त्यांनी सरकून जागा दिली. आणि खरंच, सगळं दिसत होतं. बारा गाड्या एकीमागे एक, जुवांना आंब्याचे डहाळे, प्रत्येक गाडीवर लोक चढलेले, पुढच्या गाडीवर निशाण. वना भगत हळदीने माखून गाड्यांभोवती फेऱ्या घालत होता. तो किती म्हातारा झालाय, हे रमजानभाईंना वरून पहिल्यांदा दिसलं.

तेवढ्यात दिवे गेले. भोंगा थांबला. रमजानभाईंनी चमकून स्टेजकडे पाहिलं. ऋतिका फोन कानाला लावून आपल्या खुर्चीतच बसलेली होती. तिने सबस्टेशनवरून सगळा गावठाण फीडरच, म्हणजे गावाला येणारी मुख्य लाईनच, बंद करून घेतला होता, रीतसर परमिट घेऊन. पद्धत तीच बरोबर. आता डीपीपाशी कोणी उभं राहायची गरज नव्हती, आणि त्यांना ते पक्कं माहीत होतं.

पण हात हँडलवर नसताना गाव अंधारात आहे, हे त्यांच्या अंगाला सोसेना. शेजारची बाई म्हणाली, "दादा, आते निघतीन, बसा ना." ते उठले. नुसतं एकदा बघून येतो, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. शिडी उतरून ते गल्ली ओलांडू लागले तेव्हा वनाची शेवटची फेरी चालू होती. वनाचे लाल डोळे त्यांच्या दिशेला वळले. त्या डोळ्यांना त्या क्षणी काही दिसत असतं का, हे कोणी सांगू शकत नाही.

उकिरड्याच्या कडेने ते डीपीपाशी आले. हँडल वर होतं, त्याला कोणी हात लावलेला नव्हता. कुलूप गंजलं होतं. त्यांनी तळवा हँडलवर ठेवला. लोखंड अजून उन्हाचं गरम होतं. तेव्हाच पलीकडे 'मरीमाय की जय' झालं आणि गाड्या हलल्या. रमजानभाईंना परत वर जाता आलं असतं. ते गेले नाहीत. आधी लाकडाची करकर, मग रोखून धरलेल्या श्वासासारखी शांतता, मग एकदम धडधड, वळणावर पोरांचा गलका, पहिली तार, दुसरी तार, शाळेची भिंत. त्यांना आवाजावरून सगळं कळत होतं. कळत नव्हतं ते एवढंच, की ते दिसतं कसं. देवपुराहून ज्यासाठी आलो ते यंदाही राहिलं, हे ध्यानात आलं तेव्हा गाड्या देवळाशी पोचल्या होत्या.

थोड्या वेळाने गावात दिवे आले. आपसूक. त्यांच्या हाताखाली हँडल जिथल्या तिथे होतं. भोंगा पुन्हा सुरू झाला आणि ग्रामसेवकांचा, ऋतिकाचा, पोलीस पाटलांचा सत्कार झाल्याचं सांगू लागला. डीपीच्या खांबावरचा बल्बही पेटला आणि त्याच्या उजेडात रमजानभाई एकटे, इस्त्रीच्या शर्टात, उकिरड्याशेजारी उभे राहिले. आता इथून कोणी बघायच्या आत निघावं, असं त्यांना वाटलं.

बोळातून पावलं वाजली. वना भगत होता. भिंतीला धरत धरत येत होता, हातात नारळ. खांबाखाली येऊन त्याने दम घेतला. बल्बचा उजेड त्याच्या हळदीच्या कपाळावर पडला होता.

"सोडी दे, वायरमन," तो म्हणाला. "बठ्ठा पोचनात."

रमजानभाईंनी बल्बकडे पाहिलं, मग वनाकडे. वनाने वर पाहिलं नाही. त्यांनी दोन्ही हातांनी हँडल धरलं आणि आधीच वर असलेलं ते जरा वर रेटल्यासारखं केलं. "सोडी," ते म्हणाले.

वनाने दगडावर नारळ फोडला, अर्धा त्यांना दिला, अर्ध्यातला तुकडा काढून स्वतः तोंडात टाकला. दोघं खोबरं चावत राहिले. मग त्याला शोधत माणसं आली, 'भगत आठे शे' असा ओरडा झाला आणि ती त्याला उचलून देवळाकडे घेऊन गेली. त्याने वळून पाहिलं की नाही, ते गर्दीत दिसलं नाही.

रमजानभाई काळीपिवळीने चाळीसगावला आणि तिथून धुळ्याला परतले. दुसऱ्या दिवशी दुपारी मिसबाहला त्यांनी सगळं सांगितलं, वना तिथे कसा आला हे कळत नाही असंही म्हणाले. ती म्हणाली, मग विचारा ना वनाकाकांना, फोन नंबर आहे ना तुमच्याकडे. नंबर होता. 'वना भगत, मोटार' असा सेव्ह केलेला. त्यांनी तो काढला, पाहिला आणि फोन पालथा ठेवला. वनाला वाटेल, हा वायरमन आता हे काय विचारतोय. आणि वनाने खरं सांगितलं तर?

नारळाची ती वाटी भाभींसाठी बांधलेल्या स्वयंपाकघरात फळीवर आहे. दिवे गेले की रमजानभाई अजूनही अंगणात येतात, समोरच्या ओळी बघतात, आणि तेच पुन्हा मनात येतं. वना त्या दिवशी मला गल्ली ओलांडताना पाहून आला होता, की मी तिथे नसतो तरी तो तसाच आला असता आणि रिकाम्या खांबाला म्हणाला असता, सोडी दे, वायरमन?